64 बरोबर 65? आधी ती तिरपी रेघ तपासा

व्हिडिओत चौकटींच्या कागदावर चार रंगीत तुकड्यांचा एक त्रिकोण. तेच तुकडे जागा बदलून मांडले की तळाशी एक घर रिकामं राहतं. खाली मजकूर: ‘तुकडे तेच, माप तेच, मग एक घर गेलं कुठं? भूमिती खोटी आहे, शास्त्रज्ञांकडेही उत्तर नाही.’ पुढे 64 = 65 चा चौरस, न संपणारं चॉकलेट आणि डोळ्यांना फसवणाऱ्या रेघा. सोलापूरच्या ग्रुपांवर हा व्हिडिओ आला तो कुणाच्या तरी आवाजासकट: ‘काय बे, गणिताचा बाजारच उठला की!’ उठलेला नाही. एकेक दावा घेऊ.

‘दोन्ही त्रिकोणांचा पाया 13, उंची 5.’ पाया आणि उंची बरोबर आहे. तिरपी बाजू कुणी तपासली? मोठ्या त्रिकोणी तुकड्याला 8 घरांत 3 घरं चढ आहे, लहान तुकड्याला 5 घरांत 2. पहिल्याचा चढ 0.375, दुसऱ्याचा 0.4. दोन वेगळे चढ जोडून सरळ रेघ होत नाही, म्हणजे समोर आहे तो त्रिकोणच नव्हे. एक बाजू किंचित मोडलेला चौकोन आहे.

आता हिशोब करा. तुकडे 12, 5, 7 आणि 8 घरांचे, बेरीज 32. खऱ्या 13 बाय 5 त्रिकोणाचं क्षेत्रफळ 32.5. पहिल्या मांडणीत तिरपी बाजू आत दबते आणि अर्धं घर कमी पडतं. दुसरीत ती बाहेर फुगते, अर्धं घर जास्त होतं. अर्धं आणि अर्धं मिळून तुमचं हरवलेलं घर.

खात्री करायची तर एक सेंटीमीटरची घरं आखून तुकडे कापा आणि टोकापासून टोकापर्यंत शिवणाचा दोरा ताणा. तुकडे जुळतात तिथे दोरा आणि कागदाची कड यांत जेमतेम पाऊण मिलिमीटर अंतर दिसेल. व्हिडिओत कडा जाड काळ्या का रंगवल्यात, ते तिथेच कळतं.

आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात जॅकार्ड (नक्षी विणणारा माग) चादरीचे ग्राफ, म्हणजे चौकटींवर नक्षीचे आराखडे, काढणाऱ्याला हे समजावावं लागत नाही. ग्राफवर तिरपी वेल म्हणजे पायऱ्याच: इतकी घरं आडवी, इतकी उभी. आठाला तीन असा चढ धरून मध्येच पाचाला दोन केला, तर वेल तिथे मोडते. कागदावर नजरेतून सुटेल, पण तोच नमुना चादरभर पुन्हा पुन्हा आला की मोड झाकत नाही.

‘8 बाय 8 चा चौरस कापून 5 बाय 13 चा आयत होतो, म्हणजे 64 = 65.’ इथेही तेच 8-3 आणि 5-2 चे चढ. आयताच्या कर्णावर एक लांबट, बारीक फट राहते आणि तिचं क्षेत्रफळ बरोबर एक घर असतं. सेंटीमीटरच्या घरांत ती उभ्या मापाने जास्तीत जास्त सव्वा मिलिमीटर. कात्री थोडी हलली असेल म्हणून आपणच ती माफ करतो.

मला खरी गंमत वाटते ती आकड्यांत. भूमिती खोटी असेल तर कुठल्याही चौरसात खोटी हवी. मग व्हिडिओवाले 6 बाय 6 किंवा 10 बाय 10 का घेत नाहीत? कारण ही लबाडी झाकली जाते ती 3, 5, 8, 13, 21 या फिबोनाची मालिकेत, जिथे प्रत्येक संख्या आधीच्या दोघींची बेरीज असते. (फिबोनाचीचा ग्रंथ 1202 चा, मात्रावृत्तांच्या मोजणीतून विरहांक आणि हेमचंद्र हे भारतीय छंदशास्त्री त्याआधीच या संख्यांपाशी पोचले होते.) मालिकेतल्या कुठल्याही संख्येचा वर्ग आणि शेजारच्या दोघांचा गुणाकार यांत नेहमी एकाचाच फरक येतो, पण आळीपाळीने कमी-जास्त. 8 च्या चौरसात एक घर वाढतं. 13 चा घेतला तर 169 चे 168 होतात, कारण तुकडे एकमेकांवर चढतात. घर घटवणारा हा व्हिडिओ कुणी फॉरवर्ड करत नाही!

चॉकलेटचं थोडक्यात: वडी तिरकी कापून एक तुकडा काढला तरी उरलेले जोडून ती पूर्ण दिसते. तिरका काप जातो त्या ओळीतल्या वड्या थोड्या थोड्या आखूड होतात आणि अॅनिमेशनमध्ये तुकडा सरकताना गुपचूप लांबवतात. वजनकाट्यावर ठेवा.

‘रेघा सारख्या असूनही लहानमोठ्या दिसतात, म्हणजे मापच खोटं.’ म्युलर-लायर या जर्मन अभ्यासकाने 1889 मध्ये मांडलेला हा भ्रम. टोकाचे बाण आत की बाहेर, यावर नजर फसते. पट्टी दोन्हींना तेवढंच माप देते, म्हणून तर फसल्याचं कळतं. आणि तो ‘अशक्य त्रिकोण’, चित्रात जुळतात पण प्रत्यक्षात जुळूच शकत नाहीत अशा तीन दांड्यांचा? ऑस्ट्रेलियात पर्थ शहरातल्या एका चौकात 1999 पासून तो धातूचा उभा आहे. ठरावीक जागेवरून बंद दिसतो, चार पावलं बाजूला सरका की उघडा.

राहिलं ‘शास्त्रज्ञांकडे उत्तर नाही.’ त्रिकोणाचं कोडं न्यूयॉर्कच्या पॉल करी या हौशी जादूगाराने 1953 मध्ये रचलं, हातचलाखी म्हणूनच. 64-65 चं कोडं एका जर्मन गणित नियतकालिकात 1868 मध्ये छापलं गेलं. आणि त्यामागचा एकाच्या फरकाचा नियम खगोलशास्त्रज्ञ कॅसिनीने 1680 मध्येच मांडला होता.