मास्तर काढत नाही, सुईण काढते

बीएडच्या टिपणांत वर्षानुवर्षं फिरणारा दावा आता घरच्या ग्रुपवरही आला: "एज्युकेशन हा शब्द लॅटिन 'एज्युसेरे'वरून आला, अर्थ आतलं बाहेर काढणं. ज्ञान मुलात असतंच, म्हणून पाढे-पाठांतर चूक." सोबत 'एज्युकेअर' आणि 'एज्युकॅटम' हे आणखी दोन 'मूळ शब्द'.

'एज्युकॅटम' वेगळा शब्दच नाही. लॅटिनमधली एदुको, एदुकारे (टिपणातलं 'एज्युकेअर'), एदुकावी, एदुकातुम (टिपणातलं 'एज्युकॅटम') ही एकाच क्रियापदाची रूपं. शेवटचं आपल्या संस्कृतातल्या 'कर्तुम्', 'गन्तुम्'सारखं. करतो, केलं, करायला यांना तीन धातू म्हणण्यातला हा प्रकार.

खरी क्रियापदं दोन: एदुकारे आणि एदूकेरे (टिपणातलं 'एज्युसेरे'; रोमन वक्ता सिसेरोच्या काळी उच्चार 'क'चाच, 'स'चा नव्हे). रोमन लिपीत ऱ्हस्व-दीर्घ दाखवत नाहीत, म्हणून 'मी'चं रूप दोन्हींचं सारखंच छापलं जातं आणि घोळ होतो. देवनागरीत लिहा, एदुको आणि एदूको, लगेच कळतं. पहिल्याचा अर्थ पोसणं, वाढवणं; रोमन कवी कातुल्लुसच्या कवितेत पाऊस फुलाला 'एदुकत्', म्हणजे वाढवतो. दुसऱ्याचा अर्थ बाहेर काढणं. सीझर हे क्रियापद म्यानातल्या तलवारीसाठी आणि छावणीतल्या फौजेसाठी वापरतो. नामंही वेगळी. एदुकारेचं एदुकातिओ, तेच एज्युकेशन. एदूकेरेचं एदुक्तिओ, इंग्रजीत 'इडक्शन'. त्यासाठी कोणी शाळेत नाव घालत नाही.

वारो या रोमन पंडिताचं एक वाक्य नोनिउसच्या कोशात टिकलं आहे, ते एकटंच पुरे: "एदूकित् ओब्स्तेत्रिक्स, एदुकत् नूत्रिक्स, इन्स्तितुइत् पायदागोगुस, दोकेत् मागिस्तेर." सुईण बाहेर काढते, दाई वाढवते, पायदागोगुस (मुलाला सांभाळणारा घरचा गुलाम) वळण लावतो, मास्तर शिकवतो. 'बाहेर काढणं' कुणाच्या वाट्याला आलंय ते बघा!

एवढं कबूल, की दोन्हींत 'नेणं' या अर्थाचं 'दुक्' आहे आणि एदूकेरे क्वचित मूल वाढवण्यासाठीही येतं. रोमन नाटककार तेरेन्तिउसच्या नाटकात मिकिओ हे पात्र दत्तक मुलाबद्दल 'एदूक्सी' म्हणतो. पण तिथेही अर्थ लहानाचं मोठं केलं एवढाच. मुलाच्या आतून त्याने काही उपसलेलं नाही.

राहिलं पाठांतर. ज्यांच्या भाषेचा दाखला देऊन पाढे बंद करायला निघालात, त्या रोमनांच्या मुलांना बारा पाट्यांचा कायदा (रोमचा सर्वांत जुना लिखित कायदा) तोंडपाठ करावा लागे. सिसेरोनेच लिहून ठेवलंय. आणि शब्दावरूनच शिकवायची पद्धत ठरवायची, तर मराठीत 'शिक्षा' हा शब्द आहे. छडी आणायची का?

टिपणात दुरुस्ती एका ओळीची: एज्युकेशन, मूळ एदुकारे, अर्थ वाढवणं. बाकीचे दोन खोडा.