बेसमेंटची खिडकी उघडून रेडॉन जात नाही

न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियातल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर रेडॉन या किरणोत्सारी वायूबद्दल एक मजकूर फिरतोय: ‘रेडॉन हा घर तपासणाऱ्यांचा धंदा आहे. रोज दोन तास बेसमेंटची खिडकी उघडा, स्नेक प्लांट ठेवा. नवीन घराला तर काळजीच नको.’ तो वाचून माझ्या मावसबहिणीने टेस्टचं किट न उघडताच कपाटात टाकलं. तिचा मुलगा बेसमेंटमध्येच झोपतो, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी खिडकी, कारण सगळ्यात घातक सल्ला तोच. खिडकी उघडी असेपर्यंत रेडॉनचा आकडा उतरतो, हे कबूल. बंद केली की साधारण 12 तासांत तो पूर्वीइतका होतो. रेडॉन येतो घराखालच्या मातीतून, तिथल्या युरेनियम-रेडियममुळे, आणि तो यायचा थांबत नाही. थंडीत घरातली गरम हवा वर चढून बाहेर पडते, बेसमेंटमधला दाब किंचित घटतो, आणि तळाच्या काँक्रीट स्लॅबच्या भेगा, साचलेलं पाणी उपसणाऱ्या संप पंपाचा खड्डा, पाइपांभोवतीच्या फटी, वाट मिळेल तिथून जमिनीतली हवा आत ओढली जाते. अशात फक्त वरच्या मजल्याची खिडकी उघडली, तर ही ओढ वाढूही शकते.

‘धंदा’ म्हणणाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातलंच 1984 सालचं प्रकरण आठवावं. लिमरिक अणुवीज प्रकल्पातले अभियंता स्टॅन्ली वॉट्रस यांच्यामुळे किरणोत्सार मापकाचा अलार्म वाजू लागला, तेव्हा तिथे वीजनिर्मिती सुरूही झाली नव्हती. उगम सापडला त्यांच्या घरात: रेडॉन 2,700 पिकोक्युरी (किरणोत्साराचं एकक) प्रति लिटर. अमेरिकेची सरकारी पर्यावरण संस्था ईपीए 4 लाच दुरुस्ती करा म्हणते. युरोपातल्या 13 अभ्यासांच्या 2005 मधल्या एकत्रित विश्लेषणात दर 100 बेक्वेरल प्रति घनमीटरमागे, म्हणजे सुमारे 2.7 पिकोक्युरीमागे, फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे 16 टक्क्यांनी वाढलेला दिसला.

एक शंका मात्र रास्त आहे: मोजणारा आणि दुरुस्ती विकणारा एकच असेल, तर आकड्यावर विश्वास कसा ठेवायचा? मग हवेतला रेडॉन शोषून घेणाऱ्या चारकोलचं किट स्वतःच लावा. 12 तास आधीपासून टेस्ट संपेपर्यंत दारं-खिडक्या बंद, जाण्यायेण्यापुरतं दार उघडलं तर चालेल. किट राहत्या सर्वांत खालच्या मजल्यावर, जमिनीपासून किमान 20 इंच उंच ठेवा. स्वयंपाकघर, बाथरूम नको. किटवर दिलेली वेळ संपली की सील करून त्याच दिवशी लॅबकडे पाठवा. रेडॉन 3.8 दिवसांत निम्मा होतो, पाकीट घरी पडून राहिलं की टेस्ट वाया.

झाडाने काही होत नाही. नवीन घरातही रेडॉन निघतो.

आकडा जास्त आला, तर स्लॅबखालून 3-4 इंची पीव्हीसी पाइप आणि पंखा बसवून हवा छताच्या वर सोडतात. पंखा बेसमेंटमध्ये बसवू देऊ नका; तो छताखालच्या अटिकमध्ये किंवा घराबाहेर हवा. आत असला आणि त्याच्या पुढचा जोड गळला, तर गोळा केलेला सगळा रेडॉन घरातच फुंकला जातो. संपच्या खड्ड्याला हवाबंद झाकण लावून घ्या, नाहीतर पंखा खोलीतलीच हवा ओढत बसतो. पाइपवरची द्रव भरलेली यू-नळी अधूनमधून पाहत जा: दोन्ही बाजूंची पातळी सारखी दिसली, तर पंखा बंद पडलाय.