रोडरनर काचेआड नको, रस्त्यावर हवी

दर जानेवारीत ॲरिझोनातल्या लिलावांचे व्हिडिओ फिरायला लागतात. क्रायस्लरच्या जुन्या, ताकदवान हेमी इंजिनाची एखादी 'मसल कार' (मोठं इंजिन बसवलेली अमेरिकन गाडी) लाखो डॉलरला जाते, टाळ्या पडतात. मला मात्र ते बघवत नाही. या गाड्या श्रीमंतांच्या गोडाउनसाठी बनल्याच नव्हत्या.

१९६४ साली इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जनरल मोटर्सच्या पॉन्टिॲक या ब्रँडच्या मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घनइंचांचं दांडगं इंजिन बसवलं. कंपनीच्या नियमात ते बसत नव्हतं, म्हणून 'जीटीओ' हे वेगळं मॉडेल न ठेवता ऑप्शन म्हणून विकलं. पहिल्याच वर्षी ३२ हजारांवर गाड्या खपल्या. मग डेट्रॉइटमध्ये सगळ्यांनाच चेव चढला.

माझा जीव मात्र प्लिमथ रोडरनरवर. १९६८ साली किंमत २,८९६ डॉलर. आत गालिचा नाही, रबरी मॅट. पुढे सलग बाकासारखी सीट. पैसा ओतला तो ३८३ घनइंचांच्या इंजिनावर, ३३५ हॉर्सपॉवर, आणि टॅक्सी-पोलिसांच्या गाड्यांसारख्या दणकट सस्पेन्शनवर. रोडरनर या कार्टूनमधल्या पक्ष्याचं नाव आणि चित्र वापरायला वॉर्नर ब्रदर्सला ५० हजार डॉलर मोजले. पहिल्या वर्षी सुमारे ४५ हजार गाड्या गेल्या. कारखान्यात काम करणाऱ्या विशीतल्या पोराला परवडेल अशी ताकद, हीच तिची खरी थोरवी!

मी नोकरीसाठी मिशिगनला आल्यावर ऑफिसातले एक वयस्कर सहकारी मला डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यू या रस्त्यावर घेऊन गेले होते. त्यांची १९६९ची रोडरनर होती. बॉनेट उघडून त्यांनी आधी इंजिन नाही, हॉर्न दाखवला: फिकट जांभळा, त्यावर 'व्हॉइस ऑफ रोडरनर' असं स्टिकर. मग दाबला. बीप बीप! शेजारच्या गाडीतली दोन लहान पोरं खिदळायला लागली. सिग्नलला उभी असताना अख्खी गाडी डुलत होती, सीटमधून पाठीला इंजिनाचे ठोके लागत होते, नाकात पेट्रोलचा वास.

१९७३च्या तेलसंकटाने या गाड्या संपवल्या असं सरसकट लिहितात. मला ते पटत नाही. त्याआधीच विमा कंपन्यांनी तरुण चालकांचे हप्ते इतके वाढवले होते की गाडी परवडली तरी विमा परवडेना. १९७१पासून प्रदूषणाच्या नियमांमुळे इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरलं, म्हणजे ताकदही. ४२६ हेमीचंही ते शेवटचं वर्ष. तेलटंचाई आली तेव्हा निम्मा खेळ आटोपला होता. गाडी पोरांच्या हातून सुटली ती पैशापायी, आणि आज लिलावात तेच पुन्हा चाललंय.

म्हणून ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी ती चालवावी. ओरखडे पडू देत. डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्या मंडळींनी ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझला, म्हणजे त्या रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला, जरूर जावं, आणि पोरं लहान असतील तर त्याच आठवड्यात बुधवारी-गुरुवारी संध्याकाळीच गाठा. तेव्हा गर्दी कमी असते, मालक निवांत असतात, आणि विचारलं तर हॉर्नसुद्धा वाजवू देतात.