‘बर्फात क्लच जळत नाही’ हा मेसेज प्लीज पुढं पाठवू नका

काल रात्री आमच्या फॅमिली ग्रुपवर आत्यानं परत तोच मेसेज टाकला, पहाडातल्या ड्रायव्हरांच्या पाच युक्त्या म्हणून जो फिरतोय तो, आणि खाली लिहिलं की थोरला २२ तारखेला मनालीला गाडी घेऊन चाललाय, त्यानं नीट वाचून जावं. मला झोप लागली नाही. कारण गेल्या जानेवारीत हाच मेसेज माझ्या सख्ख्या भावाच्या फोनवर होता आणि त्यानं तो अक्षरशः पाळला.

ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी, मेसेजात काय आहे ते सांगतो. बर्फात गाडी अडकली की पहिला गिअर टाकून हाफ क्लचवर (म्हणजे पेडल अर्धवट दाबून) धरा आणि जोरात रेस द्या, बाहेर थंडी असल्यानं क्लच गरम होत नाही. वास आला तर पाच मिनिटं थांबा, क्लच परत नव्यासारखा होतो. जास्तच वास आला तर बॉनेट उघडून गिअरबॉक्सवर बर्फ ठेवा. घाट उतरताना क्लच दाबून किंवा न्यूट्रलला सोडा, क्लचला आराम मिळतो आणि पेट्रोल वाचतं. आणि एवढं करून क्लच गेलाच तर तो कंपनीचा दोष, वॉरंटीत बदलून मागा.

पहिल्या मुद्द्यावरच सगळ्यात जास्त बोलायचंय कारण माणसं त्यानंच अडकतात. बाहेर मायनस दहा आहे म्हणून क्लच थंड राहतो असं ज्यानं लिहिलं त्यानं क्लच कुठं असतो ते कधी बघितलेलं नाही. क्लच प्लेट ही फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारं जड लोखंडी चाक) आणि प्रेशर प्लेट (तिला त्या चाकावर दाबून धरणारी चकती) यांच्या मधे चेपलेली असते आणि हे सगळं इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या बंद हाउसिंगमधे असतं. बाहेरची हवा तिथं नावालाच पोचते. आणि उष्णता बाहेरून येतच नाही ती घासण्यातून तयार होते, इंजिन फिरतंय, चाकं जागची हलत नाहीत, मधली प्लेट नुसती घासतीय.

आता हिशोब करून बघा, अवघड नाही. इंजिन ३००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ३००० फेरे, फिरतंय, गाडी जागेवर आहे आणि हाफ क्लचमधून १०० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) जातोय असं धरा, छोट्या गाडीलाही हे होतं. म्हणजे त्या प्लेटवर जवळजवळ ३१ किलोवॅट उष्णता तयार होतेय. आपल्या बाथरूममधला गिझर २ किलोवॅटचा असतो, तसे पंधरा गिझर एका ताटाएवढ्या प्लेटवर एकदम चालू केले असं समजा. असं १० सेकंद धरलं आणि फ्लायव्हील न् प्रेशर प्लेट मिळून लोखंड १० किलो धरलं तर ते सगळं लोखंड साठ-पासष्ट डिग्रीनं तापतं, आणि घासणारा वरचा थर त्याहून कितीतरी जास्त. साताऱ्यातले ३० डिग्री आणि तिथले मायनस १० यात फरक ४० चा. म्हणजे सगळ्या हिमालयाची थंडी तुमच्या एका दहा सेकंदाच्या रेसनं संपली. आणि माणूस एकदा रेस देऊन थांबत नाही, दहा वेळा देतो, मागं-पुढं मागं-पुढं करत, प्लेटला निवायला वेळच मिळत नाही.

त्यात अजून एक गोष्ट आहे जी आपल्याकडं गाडी चालवणाऱ्याला लक्षातच येत नाही. नुसत्या गुळगुळीत बर्फावर चाक फिरतं तेव्हा क्लचवर तेवढा ताण येत नाही, चाकच सटकतं. क्लच जळतो तो चाक सटकू नये म्हणून आपण हाफ क्लच धरून ठेवतो तेव्हा, किंवा साखळ्या लावल्यावर चाकाला पकड मिळते आणि गाडी खोल बर्फात रुतलेली असते तेव्हा. वरून १० हजार फुटांवर हवा विरळ, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद तीस टक्क्यांच्या आसपास कमी होते, मग गाडी उचलत नाही म्हणून माणूस अजून रेस देतो आणि क्लच अजून घासतो.

भावाचं हेच झालं. अटल टनेलच्या अलीकडं, सोलंगच्या पुढच्या चढाला, पुढच्या चाकांना साखळ्या, गाडीत वहिनी आणि तीन वर्षांची पुतणी. त्यानं वीसेक मिनिटं हाफ क्लचवर झटापट केली. आधी वास, मग धूर, मग रेस दिली की इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. संध्याकाळचे पाच वाजले होते, अंधार पडत होता, पोरगी रडत होती. टोचन लावून खाली मनालीत आणली, पार्ट यायला तीन दिवस गेले. जुनी प्लेट त्यानं पिशवीत घालून घरी आणली, ती आमच्याकडं अजून आहे. घासणारं अस्तर जागोजाग काचेसारखं गुळगुळीत आणि काळं पडलंय. फ्लायव्हीलवर निळे डाग पडले होते त्याचा फोटो आहे. हा निळा रंग लोखंड तीनशे डिग्रीच्या आसपास पोचल्याशिवाय येत नाही. मायनस दहाच्या थंडीत आलाय तो.

पाच मिनिटं थांबलं की नव्यासारखा, हे अर्धं खरं आहे, ते मला मान्य करावं लागेल. थोडा वेळ तापून क्लच सटकायला लागला आणि तुम्ही लगेच थांबलात तर निवल्यावर तो परत पकडतो, खंबाटकी चढताना ट्रॅफिकमधे बऱ्याच जणांनी हे बघितलंय. पण पाच मिनिटात एवढं लोखंड निवत नाही, अर्धा तास तरी द्या. आणि नव्यासारखा होत नाहीच. अस्तरातलं रेझिन (अस्तर बांधून ठेवणारा डिंकासारखा पदार्थ) जळालं की ते परत येत नाही, जेवढं आयुष्य गेलं तेवढं गेलं. मेसेजात नेमकं हे गाळलंय म्हणून लोक पाच-पाच मिनिटं थांबून परत तेच करतात.

गिअरबॉक्सवर बर्फ ठेवायचं सोडून द्या. बर्फ बाहेरच्या केसिंगवर, आग आतल्या प्लेटला, मधे हवा. थंडीत हात गारठवून घ्याल आणि शेजारच्या वायरिंगवर पाणी सोडाल, दुसरं काही नाही.

घाट उतरताना क्लच दाबून सोडायचं हे तर बर्फात नाही जात तेही करतात, पसरणीचा घाट उतरताना मी स्वतः शेजारी बसून बघितलंय. पेट्रोल वाचत नाही. इंजेक्शनची गाडी गिअरमधे ठेवून अॅक्सिलरेटरवरनं पाय काढला की आरपीएम खाली येईपर्यंत इंजेक्टर पेट्रोल सोडायचंच बंद करतात, उतारच इंजिन फिरवतो. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. वर इंजिनाचा ब्रेक गेला, सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापले की पाय दाबूनही गाडी थांबत नाही आणि बर्फावर तर गाडी सरळ घसरते. आणि क्लच दाबून ठेवल्यानं कसला आराम, उलट रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारा भाग) सगळा वेळ दाबाखाली फिरत राहतं.

वॉरंटीचं म्हणाल तर क्लच प्लेट ब्रेक पॅडसारखीच घासून संपणारी वस्तू आहे, जळालेली प्लेट बघून कोणी ती वॉरंटीत देत नाही. भावाच्या गाडीच्या डॅशबोर्डात मॅन्युअल होतं, प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा फाडलेली नव्हती. परत आल्यावर आम्ही ते काढून वाचलं. सरळ लिहिलंय, क्लच पेडलवर पाय ठेवून गाडी चालवू नका, चढावर गाडी क्लचवर धरून ठेवू नका, ब्रेक वापरा. मेसेजातल्या दोन युक्त्यांच्या बरोबर उलटं. ज्यांनी गाडी बनवली त्यांचं खोटं आणि कुणी लिहिला माहीत नाही त्या मेसेजचं खरं, असं कसं चालेल?

आत्याच्या थोरल्यासाठी लिहितो, कारण नुसतं करू नको म्हणून भागत नाही. गाडी रुतली तर आधी उतर, फावड्यानं चाकापुढचा बर्फ काढ. छोटं फावडं आणि दोन रिकामी पोती इथूनच डिकीत टाकून ने, पोतं चाकाखाली घातलं की पकड मिळते. साखळ्या पुढच्या चाकांना, कारण तुझ्या गाडीला ताकद पुढं जाते. दुसऱ्या गिअरमधे, कमी रेसवर, क्लच घाई न करता पण पूर्ण सोड, अर्ध्यावर थांबू नको. दोन-तीनदा नाही निघाली तर माणसं बोलव आणि ढकल, त्यात कमीपणा नाही. वास आला की त्याच सेकंदाला थांब.

आणि निघायच्या आधी क्लच बघून घे, तुझी गाडी ७० हजार चाललीय. यवतेश्वरच्या चढाला सकाळी रस्ता मोकळा असताना तिसऱ्या-चौथ्या गिअरमधे एकदम अॅक्सिलरेटर दाब. आरपीएमचा काटा वर पळाला आणि वेग तेवढाच राहिला तर प्लेट संपत आलीय, मग ती इथंच बदलून जा. रविवारी सातला पोवई नाक्यावर ये, मी येतो बरोबर, आणि भावाची ती प्लेट पण घेऊन येतो, हातात घेऊन बघ.