विषय सामोपचाराने मिटला

गेल्या आठवड्यात आमच्या जुन्या संस्थेचे प्रमुख, आमचे सर, निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, हार, फोटो, सगळं झालं. भाषणात प्रत्येकजण एकच गोष्ट फिरवून फिरवून सांगत होता, सरांनी कधी कुणाची बाजू घेतली नाही.

खरंय. नाहीच घेतली. मी होते तिथे.

सात-आठ वर्षांपूर्वी ऑफिसातली एक मुलगी केबिनमध्ये आली. लागून वर्षही झालं नव्हतं. सीनियर क्लार्क फाइल द्यायच्या निमित्ताने अंगचटीला येतो, रात्री नको ते मेसेज टाकतो. तिने मोबाइल टेबलावर ठेवला. सरांनी तो उचलला नाही, चष्मासुद्धा लावला नाही. शिपायाला दार लोटायला सांगितलं, त्या क्लार्कला बोलावून तिच्याच शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि चहा मागवला. "हे बघ बाळ, मला तुम्ही दोघंही सारखेच." त्याने चहा संपवला. तिच्या कपावर साय धरली.

प्रोसिडिंग मी लिहिलं. 'उभयतांचे म्हणणे ऐकून घेऊन विषय सामोपचाराने मिटवण्यात आला.' खाली माझी सही.

आता कायदा काय सांगतो? 2013 चा पॉश कायदा, म्हणजे कामाच्या ठिकाणी बाईच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा, म्हणतो, दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवी, अध्यक्ष बाई हवी, एक सदस्य बाहेरचा हवा. (आमची समिती होती, नोटीस बोर्डावर. त्यातल्या एक मॅडम केव्हाच नोकरी सोडून गेल्या होत्या.) समेट करता येतो, पण तक्रार करणाऱ्या बाईने स्वतः मागितला तरच. चौकशी चालू असताना बदली होऊ शकते, तिची किंवा त्याची, पण तिने लेखी मागितल्यावर. आमच्याकडे महिनाभरात बदली झाली ती तिची, न मागता. पहाटेची एसटी धरून जायची. पुढे नोकरी सोडली. क्लार्क तिथेच, त्याच टेबलावर.

हा कायदा काही आभाळातून पडला नाही. राजस्थानात भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारी योजनेत साथिन, म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या, होत्या. बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून 1992 मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. कामावरच्या बाईची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न त्यातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1997 मध्ये विशाखा निकाल आला (विशाखा हे याचिका करणाऱ्या महिला संघटनेचं नाव). उत्तर स्पष्ट होतं, मालकाची, प्रमुखाची.

लोक म्हणतात, चौकशीआधी प्रमुखाने निकाल द्यायचा का? अजिबात नाही. त्याच्यावर खोटा आळ असता तर त्यालाही चौकशीच हवी होती. पण निष्पक्ष राहायचं तर आधी ते मेसेज वाचावे लागतात, समिती बसवावी लागते, उद्या आपल्याच खास माणसाविरुद्ध कागद निघेल याची तयारी ठेवावी लागते. सरांनी यातलं काही केलं नाही. तटावर उभा तो तटस्थ, शाळेत समास सोडवताना शिकलो होतो. बुडणारीला तट कुठे असतो? आणि खरं सांगायचं तर सर तटावरही नव्हते. त्या क्लार्कशिवाय संस्थेचं एक बिल पास होत नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

मलाही ठाऊक होतं. 'सामोपचाराने' लिहिताना पेन क्षणभर थांबलं होतं. मग वाटलं, आपली नोकरी, मुलाची फी... जाऊ दे.

निरोप समारंभात सर म्हणाले, "माझ्या कारकिर्दीत संस्थेत एकही वाद झाला नाही." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.