एप्रनआधी अंतर

कस्टम्सच्या कर्मचाऱ्यांना किरणोत्सर्गापासून वाचवायला शिशाचे एप्रन द्या, असं एका लेखात म्हटलंय. तळमळ पटली, उपाय नाही. कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूच्या, खूप आरपार जाणाऱ्या गॅमा किरणांपुढे अर्ध्या मिलिमीटर शिशाचा एप्रन जवळपास निरुपयोगी. २०१० साली इटलीत जेनोआच्या बंदरात भंगार तांब्याच्या कंटेनरमध्ये हेच कोबाल्ट सापडलं होतं. अशा वेळी पेजर, म्हणजे किरणोत्सर्ग जाणवला की वाजणारं अंगावरचं छोटं यंत्र, वाजला की आधी लांब व्हायचं. अंतर दुप्पट केलं की लहान स्रोतापासून मिळणारी किरणांची मात्रा चौथाईवर येते. कंटेनर उघडून बघायचा मोह तर अजिबात नको.

बॅगेजच्या एक्स-रे मशीनवर मी काही वर्षं काढली आहेत. बॅग अडकली की मशीन बंद न करता पडद्यातून कोपरापर्यंत हात घालणारे सहकारी रोज दिसायचे. पडद्याच्या शिशाच्या पट्ट्या फाटून लोंबत असायच्या, आणि छातीवर लावायचे बॅज टेबलाच्या खणात! आता आठवलं तरी जीव घाबरा होतो. बॅज किरण अडवत नाही, फक्त नोंद करतो. पण खणातल्या बॅजवर नोंद तरी कसली होणार?

कामगारांसाठीची आंतरराष्ट्रीय शिफारस पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला जास्तीत जास्त २० मिलिसिव्हर्टची (शरीराला मिळालेल्या किरणांची मात्रा मोजायचं एकक) आहे. गरोदर सहकाऱ्यांसाठी मर्यादा फारच कडक. म्हणून प्रत्येकाला आपल्या बॅजचा आकडा लेखी मिळालाच पाहिजे, आणि फाटलेल्या पट्ट्या बदलेपर्यंत मशीन बंद ठेवायचा अधिकार ते चालवणाऱ्याकडे हवा.