‘जपून वापरणाऱ्याला अँटिव्हायरस लागत नाही’ : एका दाव्याचा प्रतिवाद

घरच्या संगणकाविषयीचा एक संदेश गेली अनेक वर्षे थोड्याफार शब्दांच्या फरकाने फिरत आहे. त्याचे म्हणणे असे : व्हायरस भलत्यासलत्या संकेतस्थळांवरून आणि अनोळखी माणसांच्या मेलमधून येतात, तेव्हा तिकडे न फिरकणाऱ्याला भीती नाही, अपडेट संगणक मंद करतात, म्हणून ते बंद ठेवावेत, अँटिव्हायरस हा कंपन्यांनी स्वतःच व्हायरस सोडून चालवलेला धंदा आहे, मॅक किंवा लिनक्स वापरणाऱ्याने तर हा विषय डोक्यातूनच काढून टाकावा, घरच्या संगणकात चोरण्यासारखे काही नसतेच, आणि इतके करूनही काही झालेच, तर संगणक फॉरमॅट केला की प्रश्न मिटतो. हा संदेश पुढे पाठवणारे बहुतेक जण चांगल्या हेतूनेच पाठवतात आणि त्यातील एक-दोन गोष्टी खऱ्याही आहेत. मात्र अशा अर्धवट खऱ्या सल्ल्यावर विसंबून आपल्या फाइली आणि खाती गमावलेली माणसे मी जवळून पाहिली आहेत, त्यामुळे त्यातील एकेक मुद्दा तपासणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा सर्वांत पटण्यासारखा आहे आणि सर्वांत फसवाही. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्राम पसरू लागला आणि काही दिवसांत त्याने १५० हून अधिक देशांतील संगणकांवरच्या फाइली कुलूपबंद केल्या. त्याला पसरण्यासाठी कोणी लिंक उघडण्याची किंवा मेल वाचण्याची गरज नव्हती. विंडोजमध्ये संगणकांनी एकमेकांच्या फाइली वापराव्यात यासाठी जी सोय असते तिच्यात एक त्रुटी होती, आणि नेटवर्कवरून त्या त्रुटीपर्यंत पोहोचता येणारा प्रत्येक संगणक त्याला खुला होता. ऑगस्ट २००३ मधील ‘ब्लास्टर’ही याच प्रकारचा होता, विंडोज एक्सपीचा संगणक इंटरनेटला नुसता जोडलेला असणे त्याला पुरेसे होते. आज घरोघरी असलेला राउटर बाहेरून येणाऱ्या अशा जोडण्या सहसा आत येऊ देत नाही, ही खरोखरच मोठी सुधारणा आहे. परंतु ते काम राउटर करतो आणि विंडोजची फायरवॉल, म्हणजे नको असलेल्या जोडण्या अडवणारी सोय, करते. वापरकर्त्याच्या सावधपणाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

‘ओळखीच्या ठिकाणाहून घेतले म्हणजे निर्धोक’ हेही तितकेसे खरे नाही. २०१७ मध्ये ‘सीक्लीनर’ या प्रसिद्ध साफसफाईच्या प्रोग्रामची ५.३३ ही आवृत्ती जवळजवळ महिनाभर दूषित स्वरूपात उपलब्ध होती. ती कंपनीच्याच अधिकृत ठिकाणी होती, तिच्यावर कंपनीची खरी डिजिटल स्वाक्षरी होती आणि ती वीस लाखांहून अधिक संगणकांवर पोहोचली. ज्यांनी ती उतरवून घेतली त्यांनी सावधपणाचे सगळे नियम पाळले होते.

अनोळखी मेल उघडू नये हा सल्ला योग्यच आहे, पण ओळखीच्या मेलचे काय? मे २००० मधील ‘आय लव्ह यू’ हा प्रोग्राम संगणकात शिरताच आउटलुकच्या पत्त्यांच्या वहीतील सर्वांना स्वतःची प्रत पाठवत असे, त्यामुळे ती ज्याला मिळे त्याला पाठवणारा हा मित्र, नातेवाईक किंवा सहकारीच दिसे. सोबतच्या फाइलच्या नावाच्या शेवटी ‘डॉट टीएक्सटी’ दिसत असे, म्हणजे साधा मजकूर असल्याचा भास होई. तिचा खरा विस्तार, म्हणजे नावाच्या शेवटचा फाइलचा प्रकार सांगणारा भाग, ‘डॉट व्हीबीएस’ हा त्यानंतर होता आणि विंडोज तो लपवत असे. ओळखीच्या प्रकारच्या फाइलींचा विस्तार लपवण्याची ही सवय विंडोजने आजही सोडलेली नाही. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूमध्ये जाऊन ती बंद करणे हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे आणि प्रत्येकाने ते करावे असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे ‘इमोटेट’ नावाच्या प्रोग्रामने याहून मोठी मजल मारली. तो चोरलेला पत्रव्यवहार वापरून आपल्याच जुन्या मेलला उत्तर आल्यासारखी फाइल पाठवू लागला. अशा वेळी ‘मी हा मेल ओळखतो’ या खात्रीला काय अर्थ उरतो?

येथे आणखी एका युक्तीचा उल्लेख केला पाहिजे, कारण ती सावध माणसाच्या सावधपणाचाच उपयोग करून घेते. ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा’ असे सांगणारी एक चौकट समोर येते आणि विंडोजची कळ व ‘आर’ एकत्र दाबा, मग कंट्रोल व ‘व्ही’ दाबा, मग एंटर दाबा, अशा पायऱ्या सांगते. त्या पानाने मधल्या वेळात एक आज्ञा क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेला मजकूर तात्पुरता राहतो त्या जागी, ठेवलेली असते आणि या तीन पायऱ्यांनी वापरकर्ता ती स्वतःच्या हाताने आपल्या संगणकावर चालवतो. माणूस असल्याची कोणतीही खरी तपासणी संगणकावर आज्ञा चालवायला सांगत नाही. ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हावर विसंबणेही असेच व्यर्थ आहे; ते चिन्ह मधल्या मार्गात कोणी ऐकत नाही एवढेच सांगते, पलीकडे कोण बसले आहे ते सांगत नाही. हा गैरसमज इतका दृढ झाला होता की २०२३ मध्ये क्रोम ब्राउझरने पत्त्याच्या पट्टीतून ते कुलूप काढूनच टाकले.

आता अपडेटचा मुद्दा. संदेशातील सर्वांत जास्त नुकसान करणारे वाक्य हेच आहे, असे मला वाटते. ‘वॉनाक्राय’ने वापरलेल्या त्रुटीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, विनामूल्य दिली होती. ‘ब्लास्टर’च्या आधी ती जुलै २००३ मध्ये आली होती. ‘कॉनफिकर’ हा असाच आणखी एक प्रोग्राम नोव्हेंबर २००८ मध्ये पसरू लागला, त्याची दुरुस्ती २३ ऑक्टोबर २००८ रोजी आली होती. हा क्रम योगायोगाने जुळलेला नाही. एखादी दुरुस्ती जाहीर झाली की हल्लेखोर जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून ताडून पाहतात आणि नेमके काय बदलले ते शोधतात. जे बदलले तेथेच त्रुटी होती हे उघड असते. याचा अर्थ असा की दुरुस्ती प्रसिद्ध झाल्यानंतर ती न घेतलेला संगणक पूर्वीपेक्षा अधिक धोक्यात असतो, कारण आता त्याची कमजोर जागा कोणालाही शोधून काढता येते. अपडेट बंद ठेवणारा माणूस आपला संगणक होता तसा राखतो आहे असे त्याला वाटते, पण त्याच्या भोवतालची परिस्थिती दर महिन्याला बदलत असते.

अपडेटमुळे कधी कधी बिघाड होतो, ही तक्रार मात्र मी खोटी ठरवणार नाही. १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. ते प्रामुख्याने कार्यालयांतील होते, तरीही उदाहरण गंभीरच आहे. विंडोजच्या अपडेटबाबत अशा भीतीवर उपाय म्हणजे ते चार-आठ दिवस पुढे ढकलण्याची जी सोय विंडोजमध्येच आहे ती वापरणे. वर्षानुवर्षे अपडेट घेतलेच नाहीत, तर त्याला उपाय म्हणता येणार नाही. त्याचप्रमाणे ज्या आवृत्तीला दुरुस्त्या मिळणेच थांबले आहे तिच्यावर राहू नये. विंडोज १० ची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. ज्यांचा संगणक पुढची आवृत्ती पेलू शकत नाही त्यांनी वाढीव मुदतीच्या दुरुस्त्यांसाठी नाव नोंदवावे किंवा त्यावर लिनक्स घालण्याचा विचार करावा.

अँटिव्हायरस कंपन्याच व्हायरस बनवतात, या आरोपाला फार वेळ देण्याची गरज नाही. ‘आय लव्ह यू’चा माग फिलिपिन्समधील एका तरुणापर्यंत लागला आणि २००४ मधील ‘सॅसर’ एका जर्मन विद्यार्थ्याने लिहिला होता. त्यानंतर खंडणी आणि चोरी यांतून मिळणारा पैसा हेच पुरेसे कारण ठरले आहे. या आरोपामागची चीड मात्र मला समजते, कारण भीती घालून दरवर्षी पैसे मागणाऱ्या जाहिराती खरोखरच त्रासदायक असतात. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजमध्येच अँटिव्हायरस अंतर्भूत आहे आणि सामान्य घरगुती वापरासाठी तो चालू व अद्ययावत असेल तर वेगळा विकत घेण्याची आवश्यकता नसते. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालवणे तर टाळावेच, कारण ते प्रत्येक फाइलवर एकमेकांच्या आड येतात. तेव्हा विकत घेण्याची गरज नाही, हे मान्य; पण गरजच नाही, हे मान्य नाही. आणि ज्याला फुकटात मिळवलेले क्रॅक केलेले सॉफ्टवेअर बसवताना ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना वाचायला मिळते, त्याने तेथेच थांबावे. ती सूचना का दिली आहे हे विचारले तर उत्तर समोरच आहे.

मॅक आणि लिनक्सविषयीचा दावा इतिहासालाच धरून नाही. इंटरनेटवर पसरलेला पहिला मोठा वर्म, म्हणजे स्वतःहून एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरणारा प्रोग्राम, २ नोव्हेंबर १९८८ रोजी सुटला तो युनिक्सच्या संगणकांवर, आणि मॅक व लिनक्स याच युनिक्सच्या घराण्यातील आहेत. २०१२ मध्ये ‘फ्लॅशबॅक’ने सुमारे सहा लाख मॅक बाधित केले, जावा या सॉफ्टवेअरमधील ज्या त्रुटीतून तो शिरला तिची दुरुस्ती इतर संगणकांना फेब्रुवारीत मिळाली होती आणि मॅकला एप्रिलमध्ये. २०१६ मधील ‘मिराय’ तर लिनक्सवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांत आणि राउटरांत शिरला, तोही कारखान्यातून आलेल्या ठरावीक ६० च्या आसपास नावे-पासवर्डांच्या जोड्या एकापाठोपाठ एक लावून पाहत. घरातील राउटरचा मूळ पासवर्ड बदललेला नसेल, तर संगणक कोणताही असो, तो आजच बदलावा.

‘माझ्याकडे चोरण्यासारखे आहेच काय’ हे वाक्य मी सर्वाधिक वेळा ऐकले आहे आणि तेच मला सर्वाधिक अस्वस्थ करते. जुन्या काळचे व्हायरस स्वतःची जाहिरात करीत. पडद्यावर अक्षरे गळत, संगणक बंद पडत असे. आजचा माहितीचोर प्रोग्राम काही सेकंदांत काम उरकतो आणि कोणतीही खूण न ठेवता निघून जातो. ब्राउझरने साठवलेले पासवर्ड तो उचलतो, कारण तो त्याच वापरकर्त्याच्या नावाने चालत असतो आणि त्या वापरकर्त्याला जे वाचता येते ते बहुतेक त्यालाही वाचता येते. तो लॉग-इनच्या कुकीही, म्हणजे तुम्ही आधीच लॉग-इन केले आहे हे संकेतस्थळाला सांगणाऱ्या ब्राउझरमधील छोट्या नोंदीही, उचलतो, आणि त्या हाती आल्या की चोराला पासवर्डही लागत नाही आणि मोबाइलवर येणारा सांकेतिक अंकही लागत नाही, कारण संकेतस्थळाच्या दृष्टीने तो आधीच आत आलेला असतो. मेलचे खाते गेले की ‘पासवर्ड विसरलो’ या एका बटणाने बाकीची खाती पाठोपाठ जातात. ज्याच्याकडे मेलचे खाते आहे त्याच्याकडे चोरण्यासारखे काही नाही असे म्हणताच येत नाही.

आणि खंडणीखोराला तर तुमच्या फाइलींची किंमत त्याच्या दृष्टीने किती आहे याच्याशी कर्तव्यच नसते. ती तुमच्या दृष्टीने किती आहे एवढेच त्याला पाहायचे असते. माझ्या परिचयातील एका कुटुंबाची दहा वर्षांची छायाचित्रे अशीच गेली. त्यांनी बॅकअप घेतला होता, वेगळ्या डिस्कवर घेतला होता, पण ती डिस्क कायम संगणकाला जोडलेलीच असे आणि संगणकावरील फाइलींबरोबर तिच्यावरील फाइलीही कुलूपबंद झाल्या. त्या कुटुंबातील आजी डिस्क हातात घेऊन ‘पण हिच्यात तर आहेत ना?’ असे विचारत होत्या, ते मी विसरू शकत नाही. बॅकअपची डिस्क काम संपताच काढून ठेवावी, आणि त्यातील फाइली खरोखर उघडतात का हे अधूनमधून पाहावे.

राहिला फॉरमॅटचा मुद्दा. फॉरमॅटने संगणक स्वच्छ होतो, पण गेलेला पासवर्ड परत येत नाही आणि चोराच्या हातातील कुकीही रद्द होत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी संगणक नेटवर्कपासून तोडावा. मग दुसऱ्या, निर्धोक उपकरणावरून प्रथम मेलचा आणि नंतर इतर खात्यांचे पासवर्ड बदलावेत, आणि प्रत्येक खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन ‘सर्व उपकरणांवरून लॉग-आउट’ करावे, कारण चोरलेल्या कुकी सहसा त्यानेच निकामी होतात. त्यानंतर अधिकृत ठिकाणाहून घेतलेल्या प्रतीने विंडोज नव्याने बसवावे, आणि रोजच्या वापरासाठी प्रशासकाचे नव्हे तर साधे खाते तयार करावे. फाइली कुलूपबंद झाल्या असतील, तर त्या पुसून न टाकता वेगळ्या डिस्कवर जपून ठेवाव्यात. जुलै २०१६ मध्ये डच पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमाच्या संकेतस्थळावर अनेक खंडणीखोर प्रोग्रामांच्या किल्ल्या विनामूल्य मिळतात आणि त्यांत वेळोवेळी भर पडते. ‘टेस्लाक्रिप्ट’च्या कर्त्यांनी तर मे २०१६ मध्ये आपली मुख्य किल्ली स्वतःच जाहीर केली होती; तोवर ज्यांनी घाईने सगळे फॉरमॅट करून टाकले नव्हते, त्यांना आपल्या फाइली परत उघडता आल्या.